चुंगबाईंचा बाऊ

पामर्स्टन नॉर्थ,
३ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

हरीशदादाचा फोन आला, तू चिपळूणला सुखरूप पोचलीस म्हणून. तू मात्र फोनवर आली नाहीस. ‘आई देवाला बसलीये’ म्हणाला. भर दुपारी तीन वाजता कोणता देव गं, आत्या?

रागावली आहेस. रागाव, पण माझी बाजू एकदा ऐकून घे. जूनमध्ये आलीस, डिसेंबरपर्यंत राहायचं ठरलं होतं, आणि ऑक्टोबरातच तिकीट बदलून निघालीस. सुखदा रोज विचारते, “व्हाय डिड आजी गो?” सात वर्षांच्या पोरीला काय सांगू? शेजारच्या चुंगबाईंनी आजीला चार महिने डुकराची चरबी खायला घातली, म्हणून गेली?

त्या शनिवारी मी तुला जेवायला बोलवायला त्यांच्याकडे आले नसते, तर अजून खात बसली असतीस. चुंगबाई ओट्याशी उभ्या, पिठात काहीतरी पांढरं चोळतायत, शेजारी कागदात गुंडाळलेली विटेएवढी पांढरीफेक वडी. आणि तू खुर्चीत मांडी घालून त्यांचा तो पुरण भरलेला, पावासारखा फुगलेला वाफाळता बाऊ फुंकून फुंकून खातेयस. आमच्या हॉस्पिटलच्या फार्मसीत एक मलेशियाची मुलगी आहे. तीच म्हणाली होती, बाऊच्या पिठात लार्ड घातल्याशिवाय तो असा लुसलुशीत होत नाही म्हणून. ती वडी पाहिली आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “आत्या, टाक ते! डुकराची चरबी आहे!” असं मी तिथल्या तिथे ओरडले, ते चुकलं. मान्य. त्यांच्यादेखत ओरडायला नको होतं. पण तू चातुर्मास पाळणारी बाई. मी गप्प बसायला हवं होतं का?

तू अर्धा बाऊ बशीत ठेवलास, घरी येऊन डोक्यावरून नाहलीस, आणि मग आठ दिवस माझ्याशी मोजून बोललीस. आई गेल्यावर मला तू वाढवलंस. तुझं मोजून बोलणं मला सोसत नाही.

सुरेश नमस्कार सांगतो. पत्र लिही.

तुझी,
इरा

---

चिपळूण,
१९ नोव्हेंबर १९९६

चि. इरास अनेक आशीर्वाद.

अगो, तुझ्यावर कशाला रागावू? तू माझ्या भल्याचंच केलंस. आल्या आल्या पंचगव्य झालं, तीन दिवस उपास झाला. गुरुजी म्हणाले, न कळत पोटात गेलं त्याचा दोष नाही. त्यांना काय, ते म्हणतात. मला मात्र जेवताना अजून घास फिरतो.

खोटं कशाला बोलू, फिरतो तो चरबीने नाही. चार महिन्यांत मला तिकडे दुसरं काय होतं सांग. तुम्ही दोघं आठाला बाहेर, पोर शाळेत, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पोस्टमन तिकडच्या भाषेत नमस्कार म्हणून ‘किया ओरा’ म्हणायचा तेवढाच माणसाचा आवाज. मग एक दिवस कुंपणावरून ही बाई हात हलवायला लागली. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. एक अक्षर कळत नव्हतं आणि कुणाचंच अडत नव्हतं. मी ‘मी आत्या’ म्हटलं तर ती मला ‘आताय’ म्हणायला लागलीन. ती ‘बाव’ म्हणायची, त्याचं सुखदाने नि मी बाऊ केलं.

तिचं पीठ फुगलेलं, माझं उकडीचं. पण कळ्या पाडायला बोटं तीच लागतात गो. पारी हातावर घ्यायची, मध्ये लाल चवळीसारखं काही असतं त्याचं पुरण भरायचं, नि कडेकडेने चिमटत आणायचं. गणपतीत मी मोदक दाखवले तर बाई टाळ्या पिटायला लागलीन. म्हणाली असेल, ‘अय्या, हे तर आमचंच!’ नि झाकण उघडल्यावर ती वाफ तोंडावर आली की तुमच्या त्या मेल्या गारठ्यातसुद्धा मला घरी असल्यासारखं वाटायचं. तिच्या घरच्यांचे बाऊ मांसाचे असायचे, ते मला ठाऊक होतं. माझ्या गोड बाऊंवर ती काडी लाल रंगात बुडवून एक टिंब द्यायची, म्हणजे गल्लत होऊ नये. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले, मग रडूच आलं. हे गेल्याला बत्तीस वर्षं झाली. बत्तीस वर्षांनी माझ्या नावाने कुणी कुंकवाचं बोट उचललंन.

असो. आता ते सगळं संपलं. निघताना जरा घाईच झाली. असो.

तिने काही विचारलंन तर सांग, प्रकृती बरी नव्हती.

आत्या

---

पामर्स्टन नॉर्थ,
१५ डिसेंबर १९९६

ती. आत्यास नमस्कार.

चुंगबाई येतात गं. दर शनिवारी अकराच्या सुमाराला दारात उभ्या. हातात झाकलेली बशी, बशीत चार बाऊ, प्रत्येकावर लाल टिंब. “आताय? आताय?” आणि माझ्या खांद्यावरून आत बघतात. पहिल्या शनिवारी मी सांगितलं, लग्नाला गेलीय. त्यांच्या नातीने, शॅरनने, ते त्यांना समजावलं. पुढच्या शनिवारी पुन्हा बशी. लग्न उरकलं असेल, तू आली असशील, असं वाटत असावं.

मी थँक यू म्हणते, बशी घेते, आणि बाऊ कचऱ्याच्या बिनमध्ये टाकते. दुसरं काय करू? सुखदा पहिल्यांदा रडली. गेल्या शनिवारी तिने एक उचलून न्हाणीघरात नेऊन खाल्ला. मला दिसलं.

इथे उन्हाळा आलाय, वारा मात्र तोच, दोरीवरचे कपडे पळवणारा. तुझी खुर्ची अजून खिडकीपाशीच आहे. सुरेश म्हणतो, आत्यांना पुढच्या वर्षी परत बोलवू. येशील?

इरा

---

चिपळूण,
८ जानेवारी १९९७

चि. इरास आशीर्वाद.

अन्न बिनमध्ये टाकू नको. तुला चालत नसेल तर घेऊ नको, पण घेऊन टाकू नको. ती म्हातारी पहाटे उठून पीठ भिजवते.

एक विचारायचं आहे. हसू नको. परवा घाणीवर खोबरेल आणायला गेले होते. डबा उघडलान नि मी तिथेच उभी राहिले. इरा, तो वास मला त्या बाऊला यायचा. अगदी असाच नाही, पुसट, पण यायचा. तुला मी त्या दिवशीसुद्धा म्हटलं होतं, ‘अगो, याला खोबरेलाचा वास येतो.’ तू म्हणालीस, ‘तुला काय कळतंय.’

डुकराच्या चरबीला खोबरेलासारखा वास येतो का? तू औषधांची शिकलेली, तुला ठाऊक असेल. मला तेवढं लिही. घाणीवाला राजाराम म्हणतो, छे, कसं शक्य आहे. पण त्याने तरी कुठे डुक्कर हुंगलंय?

आत्या

---

पामर्स्टन नॉर्थ,
२ फेब्रुवारी १९९७

ती. आत्यास नमस्कार.

घाईत लिहितेय, फार्मसीत दोन माणसं कमी आहेत.

आत्या, लार्ड साफ केलेलं असलं की त्याला वास येत नाही. पुरणाला कशाचा तरी येत असेल. मी त्या वडीचा पांढरा गोळा माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. खोबरेल बाटलीत असतं, कागदात नसतं. आता कृपा करून हा विषय संपव. एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ करायचा!

चुंगबाईंनीही आता येणं बंद केलंय. मी परवाच्या शनिवारी सांगून टाकलं, “नो मोअर, प्लीज.” बरंच झालं.

इरा

---

पामर्स्टन नॉर्थ,
२० जुलै १९९७

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

पाच महिने तुझं पत्र नाही. मी विषय संपव म्हटलं, तू संपवलास. आज मीच तो उकरून काढतेय. बसून वाच.

पंधरा दिवसांपूर्वी शॅरन फार्मसीच्या खिडकीशी आली. चुंगबाईंना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा आहे. आता घरी आणलंय. शनिवारी मी गेले. शॅरनला म्हटलं, काही मदत लागली तर सांग. ती म्हणाली, आजीचा फ्रिज आवरायचाय, तिला आता स्वयंपाक जमायचा नाही.

आवरताना दोन वड्या निघाल्या. एक खालच्या कप्प्यात, तिच्यावर डुकराचं चित्र. दुसरी वर, वेगळ्या डब्यात, कागदात गुंडाळलेली, पांढरी, विटेएवढी. मी त्या दिवशी पाहिली होती तीच जात. अर्धी वापरलेली. मी कागद उलटा केला. त्यावर नारळाचं झाड होतं, आत्या. खोबरेल. शंभर टक्के खोबरेल, थिजवून वडी केलेलं. इथे सुपरमार्केटात बटरच्या शेजारी मिळतं. मी सहा वर्षं तिथून बटर उचलतेय.

डब्यावर चिनी अक्षरं होती. शॅरनला विचारलं काय लिहिलंय. ती म्हणाली, “तुमच्या आंटीचं नाव. आताय.” तू शाकाहारी आहेस हे त्यांना खुणेने सांगितलंस, तेव्हापासून त्यांनी लार्ड तुझ्या बाऊला लावलं नव्हतं. शॅरनला डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या वाणसामानाच्या दुकानात पाठवून आपल्याकडच्या दुकानदाराला विचारून घेतलं, हिंदू बायकांना काय चालतं. वेगळी परात घेतली, वाफवायला बांबूची नवी चाळणी घेतली. तिलाही तुझंच नाव.

जून-जुलैत, इकडच्या ऐन थंडीत, माझ्या खिडकीत तुझी डोक्याच्या तेलाची बाटली दगड व्हायची. तू ती रोज सकाळी गरम पाण्यात बुडवून ठेवायचीस. मी रोज ते भांडं बाजूला सारून चहा करायचे. खोबरेल थंडीत थिजतं हे मला कुणी शिकवायला हवं होतं का गं? आणि तुला लिहिलं, खोबरेल बाटलीत असतं.

मी हॉस्पिटलात प्रत्येक बाटलीचं लेबल तीनदा वाचते. कपाटातून काढताना, भरताना, देताना. तीनदा. आणि तिथे एकदा वाचलं नाही. का, ते तुला सांगते, कारण आता लपवून काय उपयोग. मला वाचायचं नव्हतं. तू माझ्याकडे आली होतीस, आत्या, आणि दिवसभर तिच्याकडे असायचीस. हसायचीस तिच्याकडे. माझ्याकडे येऊन पाठ दुखते म्हणायचीस. मी ‘डुकराची चरबी’ ओरडले तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. आता तरी ही घरी बसेल, असं वाटलं होतं. आणि तू माझ्याही घरी राहिली नाहीस.

नाक तुझं खरं होतं. मला क्षमा कर. चुंगबाईंना काय सांगू ते तूच सांग, मला सुचत नाही.

इरा

---

चिपळूण,
६ ऑगस्ट १९९७

चि. इरास आशीर्वाद.

पत्र पोचलं. हरीश म्हणाला, आई, यात रडायचं काय, उलट बाटली नाहीस हे बरंच झालं की! त्याला काय कळणार.

तुझ्यावर मी चिडले. खोटं नाही सांगत, चांगली चिडले. वाटलं, तीनदा लेबल वाचणारी बया, एकदा वाचलं असतंस तर! पण पोरी, नाक माझं होतं. नाकाने सांगितलंन खोबरेल. जन्म नारळाच्या झाडाखाली गेला नि मी माझ्या नाकाचं ऐकलं नाही. का, तर तू शिकलेली नि मी अडाणी. तो दोष तुझा नाही.

आणि तुला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. ‘निघताना घाई झाली’ असं लिहिलं होतं बघ. घाई नव्हती झाली.

तू नि सुरेशराव गाडीत सामान लावत होतात. मी फाटकापाशी उभी होते. ती घरातून धावत आलीन. एप्रन तसाच, हात पिठाने कोपरापर्यंत माखलेले. तिच्या दंडाला पिशवी, पिशवीत डबा, मला प्रवासात खायला द्यायला आणलेला. तिने माझा हात धरायला हात पुढे केलान. नि मी पदर आवरून घेतला. अंग चोरून मागे सरले. सोवळ्यातली बाई सरते ना, तशी. मला शिवू नको, असं तोंडाने म्हटलं नाही, एवढंच. ती तशीच उभी राहिली, हात पुढे. डबा मी घेतला नाही. गाडीत बसले नि काच वर केली.

माझ्या सासूबाई त्या कामवाल्या ठकूला बघून असाच पदर आवरायच्या. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, नि मला ठकूच्या तोंडाकडे बघवायचं नाही. मी म्हटलं होतं, मी असं कधी करणार नाही. नि केलं ते कुणाशी, तर माझ्यासाठी वेगळी चाळणी ठेवणाऱ्या बाईशी.

आता तू जा. शॅरनला बरोबर घे नि चुंगबाईंना खरं ते सांग. आमची चूक झाली, तुमच्या हातचं आम्ही विटाळ समजलो, म्हणून सांग. पदराचंही सांग. काही राखून ठेवू नको. ती बोलली तर ऐकून घे, माझ्या वतीने.

मला यायचं होतं. डॉक्टर नको म्हणतात, डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर बघू म्हणतात. तोवर ती वाट बघेल असं नाही, मीही नाही.

आत्या

---

पामर्स्टन नॉर्थ,
३१ ऑगस्ट १९९७

ती. आत्यास नमस्कार.

गेले. सुखदा मागे लागली म्हणून तिलाही नेलं.

चुंगबाई खिडकीशी बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर उशीवर ठेवलेला. मला पाहिल्याबरोबर तोंड वाकडं करून हसल्या. “आताय?” मी म्हटलं, नाही आली, तिने निरोप पाठवलाय. शॅरन मध्ये बसली. मी ‘शी इज व्हेरी सॉरी’ एवढं म्हणते न म्हणते तोच त्यांनी डावा हात वर करून मला थांबवलं आणि स्वतःच बोलायला लागल्या. बराच वेळ. शब्द जड झालेत त्यांचे, शॅरनलाही पुन्हा पुन्हा विचारावं लागत होतं.

त्या म्हणाल्या, सॉरी मी म्हणायला हवं. आताय प्रवासाला निघाली होती, नवी कोरी साडी नेसली होती, काठाची. आणि मी वेड्यासारखी पिठाचे हात घेऊन धावले. तिने साडी सावरली नसती तर माझी पाचही बोटं उमटली असती. मी पण तेच केलं असतं. मग माझी मलाच लाज वाटली. हात धुऊन यायला हवं होतं. धुवायला आत गेले, आणि बाहेर आले तर गाडी गेली होती.

आत्या, त्यांनी हात धुतले होते. आपली गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा त्या ओले हात घेऊन फाटकात उभ्या होत्या.

मग म्हणाल्या, म्हणून मी दर शनिवारी बशी आणायचे. तिला सांगायचं होतं, आता हात स्वच्छ आहेत.

तू सांगितलं होतंस, काही राखून ठेवू नको. शॅरन माझ्याकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं असावं, ती इथेच वाढलेली मुलगी आहे, अंग चोरणारी माणसं तिने पाहिली असतील. सुखदा चुंगबाईंचा लुळा हात हातात घेऊन बसली होती. मी एवढंच म्हटलं, “आत्या सेड, युअर बन्स आर द बेस्ट.” आणि घरी येऊन रडले. तुझा निरोप मी पोचवला नाही. तू म्हणशील तर परत जाईन.

त्यांना आता कळ्या पाडता येत नाहीत. शॅरन शिकायला बघतेय, तिच्या बाऊंची तोंडं उकलतात. खाली लावलेला कागदही चिकटतो म्हणून आजी तिला रागावते. शनिवारी त्यांनी तरी एक करवला, आणि डाव्या हाताने काडी धरून त्यावर टिंब दिलं. कडेला गेलं. तो मी खाल्ला. खोबरेलाचा वास येतो गं. स्पष्ट येतो.

इरा

---

चिपळूण,
१६ सप्टेंबर १९९७

चि. इरास आशीर्वाद.

गणपती झाले. मोदक झाले, पण यंदा माझं लक्ष नव्हतं, चार फुटले.

तू सांगितलं नाहीस ते वाचून आधी मला रागच आला. मग दिवसभर तेच मनात. ती म्हणते ती साडी नि माझी साडी एकच, नि तिला दिसली ती बाई मी नव्हतेच. ती चांगली होती, तिला माझ्यातही चांगलंच दिसलं. आता खरं सांगितलं तर माझं ओझं उतरेल नि तिच्यावर चढेल. राहू दे. परत जाऊ नको. माझं माझ्यापाशी राहू दे, मी तेवढं वागवीन.

पण नुसतं बसवत नाही. सोबत पार्सल पाठवते आहे. करवंदी काठांची ती इचलकरंजीची साडी, तीच. तिचे चाळणीच्या मापाचे गोल कापून, कडा दुमडून शिवले आहेत. डोळ्याने नीट दिसत नाही, टाके वाकडे आहेत. दोनदा उकळून काढलंय, रंग जात नाही. आपण मोदकाला खाली फडकं घालतो ना, ओलं करून, तसंच शॅरनला दाखव. बाऊ चिकटायचे नाहीत. सुती आहे, वाफेला चांगलं.

पारी मिटताना शॅरनला म्हणावं, अंगठा हलवायचा नाही, दुसऱ्या हाताने बाऊ फिरवायचा. तू बघितलंयस मला करताना. तू शिकव तिला. शनिवारी जात जा.

अकरा गोल झाले आहेत. एकाला काठ आहे, तो पदराचा आहे. तो चुंगबाईंच्या हातात दे. पुसायला घे म्हणावं, आतायने पाठवलाय. हात पिठाचे असले तरी चालतील.

आत्या